दांते आणि व्हर्जिल: तीन झुंजी आणि एक फाटलेला हातमोजा

उत्तररात्र (धागालेखक)

आधीच सांगतो, धाग्यात 'डेव्हिल मे क्राय ३' या व्हिडिओ गेमचा शेवट उघड केलाय. पुढे चर्चेत पहिल्या आणि पाचव्या भागाचाही होईल. खेळायचा असेल तर आधी खेळून या, धागा कुठे जात नाही.

गेल्या आठवड्यात हा गेम पुन्हा पहिल्यापासून खेळून संपवला. २००५ मध्ये कॅपकॉमने प्लेस्टेशन २ वर आणला होता. या वेळी एक गोष्ट इतकी लख्ख दिसली की लिहिल्याशिवाय राहवेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दांते आणि व्हर्जिल जुळे भाऊ. बाप स्पार्डा हा राक्षस, पण माणसांच्या बाजूने उभा राहून आपल्याच जातीविरुद्ध लढलेला. आई एव्हा माणूस. मुलं लहान असताना राक्षसांच्या हल्ल्यात आई गेली आणि दोघं दोन दिशांना पांगले. जवळ राहिलं ते आईने दोघांना दिलेलं पदक, प्रत्येकाकडे अर्धं. आणि बापाच्या तलवारी, दांतेकडे रिबेलियन, व्हर्जिलकडे यामातो. व्हर्जिलला बापाने बंद करून ठेवलेली ताकद हवी आहे. त्यासाठी तो शहराच्या मधोमध टेमेन-नि-ग्रू नावाचा प्रचंड मनोरा उभा करतो आणि भावाला बोलावणं धाडतो.

गेममध्ये दोघं तीनदा भिडतात. सातव्या मिशनला, तेराव्याला आणि शेवटच्या, विसाव्याला. बहुतेक जण म्हणतात की दर वेळी व्हर्जिल जास्त अवघड होतो, बस. अवघड होतो हे खरंच. पण जागा बघा. पहिली झुंज मनोऱ्याच्या अगदी माथ्यावर, भर पावसात. दुसरी मनोऱ्याच्या तळघरात. तिसरी त्याच्याही पलीकडे, राक्षसांच्या जगात, कड्याच्या टोकाशी, घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यात. म्हणजे भाऊ दर वेळी आणखी खाली भेटतो.

आता हातात काय आहे ते बघा. पहिल्या वेळी व्हर्जिलकडे फक्त यामातो. दुसऱ्या वेळी बेओवुल्फ नावाच्या राक्षसाला मारून मिळवलेले लोखंडी पंजे. तिसऱ्या वेळी थेट बापाची तलवार, फोर्स एज. शस्त्रं वाढत जातात आणि माणूस खाली खाली जातो. ज्या वेळी त्याच्या हातात सगळ्यात जास्त आहे, त्याच वेळी तो हरतो.

पहिल्या झुंजीचा शेवट आठवा. तो दांतेला तलवारीने आरपार भोसकतो, त्याचं अर्धं पदक काढून घेतो आणि सांगतो की बळ नसेल तर कशाचंच रक्षण करता येत नाही, स्वतःचंही नाही. पूर्वी मला हे खलनायकाचं ठरावीक वाक्य वाटायचं. या वेळी अंगावर काटा आला. हे वाक्य आई गेली त्या दिवशीच्या मुलाचं आहे. तो अजून तिथेच उभा आहे.

आणि शेवट. तिसरी झुंज संपते, पदकाचा तुकडा पाण्यात पडतो. व्हर्जिल वाकून तो उचलतो आणि म्हणतो, हे कुणालाही मिळणार नाही, हे माझं आहे, स्पार्डाच्या मुलाचं आहे. मुठीत आईने दिलेली वस्तू आणि तोंडात बापाचं नाव! मग मागे मागे सरकत कड्यावर जातो. हे आपल्या बापाचं घर होतं, मी इथेच राहणार. दांते धरायला धावतो, तर तो यामातोचं टोक रोखतो आणि स्वतःला मागे झोकून देतो. दांतेचा हात पुढे गेलेला असतो. हातमोजा तळव्यावर चिरला जातो.

वीस मिशनं आपण त्याच हाताने तलवार चालवलेली असते. शेवटी तो हात कशासाठी पुढे होतो? आणि त्याला मिळतं काय? एक चीर.

माझं म्हणणं एवढंच आहे की या तीन झुंजी कोण श्रेष्ठ हे ठरवण्यासाठी नाहीतच. आई गेल्यानंतर या दोघांना एकमेकांशी बोलायला उरलेली ही एकच भाषा आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

रात्रपाळी

धागा आवडला. तरी थोडं विरोधात बोलतो. गेम टेस्टिंगमध्ये काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझी नजर आधी खर्चाकडे जाते. एक बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी भिडणारा मोठा शत्रू, बनवायचा म्हणजे मॉडेल, हालचाली, आवाज, सगळ्याला महिने लागतात. तोच बॉस तीनदा वापरला की काम वाचतं. जागा बदलली, दोन हालचाली वाढवल्या, झालं. याच गेममध्ये शेवटाकडे जुने बॉसही पुन्हा आणलेत, त्यातही प्रतीकं शोधायची का?

व्हर्जिलची झुंज जगातल्या उत्तम बॉस फाइट्सपैकी आहे यात वाद नाही. पण तिचं मोठेपण खेळण्यात आहे. कटसीनमधल्या, म्हणजे मधल्या नुसत्या बघायच्या दृश्यांतल्या, वाक्यांमुळे ती मोठी झालेली नाही.

---

उत्तररात्र

रात्रपाळी, तुमचा मुद्दा मान्य. पुन्हा वापरणं ही सोय असतेच. पण तुम्हीच म्हणता की मोठेपण खेळण्यात आहे, तर खेळण्यातलंच सांगतो.

व्हर्जिलवर सरळ धावून गेलात तर तो यामातोने वार अडवतो आणि लगेच उलटा देतो. नुसती बटणं बडवणारा तिथे पाच सेकंद टिकत नाही. गोळ्या झाडल्या तर यामातो गरगर फिरवून त्या उडवतो. त्याला उघडा पाडायची खात्रीची रीत म्हणजे थांबायचं, तो वार करायला येईल ती वेळ धरायची आणि त्याच क्षणी आपला वार त्याच्या वारावर आदळवायचा. पाती पात्यांवर आपटतात, ठिणग्या उडतात, तो एक क्षण डळमळतो. तेवढीच फट.

म्हणजे त्याला हरवायचं तर आधी त्याच्या मनात आता काय चाललंय हे ओळखावं लागतं. तो गायब झाला की कुठून उगवणार, डाव्या हातातली म्यान किती वर आली की तो तलवार उपसणार. चाळीस वेळा हरल्यावर माझ्या बोटांना ते न बघता कळायला लागलं. इतर कुठल्याही बॉसला मी इतका ओळखत नाही. जुळ्या भावाला ओळखणं म्हणजे काय हे गेम आपल्या बोटांना शिकवतो. हे जर नुसतं काम वाचवणं असेल तर फार सुंदर वाचवलंय.

---

अनुस्वार

नावांकडे कुणी अजून वळलं नाही म्हणून लिहिते.

दांते आणि व्हर्जिल ही जोडी इटालियन महाकाव्यातून उचलली आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दांते अलिगिएरीने 'दिव्हिना कोमेदिया' लिहिलं. त्यात कवी दांते स्वतःच पात्र आहे आणि त्याला नरकातून वाट दाखवत नेतो तो प्राचीन रोमन कवी व्हर्जिल. सहसा लोक इथेच थांबतात, की नावं छान घेतली आहेत.

पण उत्तररात्र यांनी 'वरून खाली' असं लिहिलं आणि मला एकदम पुढचं दिसलं. काव्यातला व्हर्जिल कायम पुढे असतो आणि दांते मागे. एकेक वर्तुळ करत खाली. गेममध्येही तसंच आहे ना? प्रत्येक ठिकाणी व्हर्जिल आधी पोचलेला असतो आणि दांते मागून येतो. वाटाड्याच आहे तो, फक्त इथे वाट तलवारीने दाखवतोय.

आणि काव्यात व्हर्जिलला स्वर्गात प्रवेश नाही. तो ख्रिस्ताच्या आधी जन्मला, त्यामुळे दांतेला एका टप्प्यापर्यंत पोचवून त्याला मागे फिरावं लागतं. दांते मागे वळून बघतो तर तो गेलेला असतो, आणि दांते रडतो. आता गेमचा शेवट बघा. व्हर्जिल खाली राहतो, दांते वर येतो आणि त्याच्या डोळ्यात पाणी असतं.

काव्यातल्या व्हर्जिलला नियम अडवतो. गेममधला स्वतः मागे पडतो. हा फरक मला फार लागला.

---

शेंगदाणा_लाडू

अनुस्वारताई, __/\__

त्या रडण्याबद्दलच लिहायला आलो होतो. शेवटी लेडी, ही राक्षसांची शिकार करणारी मुलगी, दांतेला विचारते, रडतोयस का? तो म्हणतो, पाऊस आहे. ती म्हणते, पाऊस कधीच थांबलाय. पहिली झुंज पावसात होती हे लक्षात घ्या. तेव्हा पाऊस खरा होता आणि डोळे कोरडे होते. शेवटी पाऊस नाही आणि चेहरा ओला.

लेडीने त्याच रात्री स्वतःच्या हाताने बापाला, आर्कमला, गोळी घातलेली असते. तिचंही रडून झालंय. म्हणून तिला पाऊस आणि आसवं यातला फरक कळतो. आपलं माणूस गेलं तर राक्षससुद्धा रडत असेल, असं ती म्हणते आणि त्यावरून दांतेच्या बिननावाच्या दुकानाला 'डेव्हिल मे क्राय' हे नाव मिळतं. अख्ख्या मालिकेचं नाव भावाच्या दुःखावरून पडलंय हे मला दहा वर्षांनी कळलं होतं.

---

कथेकरी

हा गेम मी खेळलेलो नाही, पुतण्याला खेळताना बघितलाय. पण धागा वाचून मला वाली-सुग्रीव आठवले.

तिथेही भाऊ, तिथेही द्वंद्व एकापेक्षा जास्त वेळा. पहिल्या वेळी राम झाडाआड बाण लावून उभा, पण दोघं इतके सारखे दिसतात की कुणावर सोडायचा हे त्याला कळत नाही. सुग्रीव मार खाऊन पळून येतो. दुसऱ्या वेळी त्याच्या गळ्यात फुललेली वेल घालून पाठवतात, ओळख पटावी म्हणून.

पुतण्याने एक दृश्य मुद्दाम थांबवून दाखवलं होतं. पावसात दोघांचे केस भिजून कपाळावर आलेत आणि एक क्षण दोघं हुबेहूब एक दिसतात. मग निळ्या कोटवाला, म्हणजे व्हर्जिल, हाताने केस मागे सारतो. ती वेल मला तिथे दिसली. भावापासून वेगळं दिसायला त्याला एवढीशी खूण पुरते, आणि ती खूण तो जपतो.

---

उत्तररात्र

कथेकरी काका, तुम्ही न खेळता जे पाहिलंत ते मी इतक्यांदा खेळून पाहिलं नव्हतं. केस मागे सारणं हे मी आजवर नुसती ऐट समजत होतो.

रामायणाच्या तुलनेत एक भर घालतो. वालीच्या वेळी झाडाआड तिसरा असतो. इथेही आहे. दुसरी झुंज तळघरात सुरू होते त्याचं कारण म्हणजे व्हर्जिलने दोन्ही पदकं वाहिली, स्वतःचं रक्त सांडलं, तरी दार उघडत नाही. आणखी रक्त हवं असं त्याला वाटतं, आणि तेवढ्यात भाऊ येतो. दोघं दमून कोसळेपर्यंत लढतात. मग विदूषकाच्या वेशातला आर्कम पुढे येतो. या दोघांचं आणि लेडीचं रक्त एकाच जागी सांडावं हीच त्याची खेळी होती. दार त्याच्यासाठी उघडतं.

तिन्हींतली ही एकच झुंज नीट संपत नाही. आणि तिच्यानंतर बेओवुल्फचे पंजे दांतेच्या हाती येतात. थोरल्याने कमावलेलं शस्त्र पुढच्या मिशनपासून धाकटा वापरू लागतो. भाऊबंदकीचा खटला चालू असताना शेत तिसऱ्यानेच नांगरावं, तसं आहे हे सगळं.

---

पाठचा_भाऊ

बरेच दिवस नुसता वाचक होतो. या धाग्यासाठी खातं उघडलं.

आम्ही दोघं भाऊ, अडीच वर्षांचं अंतर. घरात एक प्लेस्टेशन २, दोन पॅड, त्यातलं दुसरं जुनं, ज्याची डावी काडी एका बाजूला ओढायची. हा गेम एकट्याने खेळायचा आहे. त्यामुळे दादा खेळायचा आणि मी शेजारी बसून बघायचो. तो हरला की मला एक डाव. तो नियम होता.

एकोणिसाव्या मिशनला आर्कम स्पार्डाची ताकद गिळून एका भल्यामोठ्या लगद्यासारखा होतो आणि मध्येच व्हर्जिल येऊन उभा राहतो. दोघं भाऊ मिळून लढतात. आम्हाला कुठून तरी कळलं होतं की तिथे दुसरं पॅड जोडून स्टार्ट दाबलं की व्हर्जिल दुसऱ्या खेळाडूच्या हातात येतो. मी ते मोडकं पॅड लावलं, दाबलं आणि तो निळा कोट माझ्या बोटांवर हलायला लागला! मी ओरडलो होतो. दादाने आवाज न करण्याबद्दल डोळे वटारले, आई झोपली होती. पण तोही हसत होता.

शेवटी दोघं भाऊ दांतेच्या दोन पिस्तुलांनी एकत्र गोळी झाडतात. व्हर्जिलला बंदुका आवडत नाहीत. पहिल्या झुंजीआधी तो दांतेच्या गोळ्या तलवारीवर झेलून जमिनीवर ओळीने मांडतो आणि परत भिरकावतो, इतका तिटकारा. इथे तो म्हणतो की एकदा तुझ्या पद्धतीने करून बघतो. आणि दोघं लहानपणचा एक शब्द एकदम उच्चारतात: जॅकपॉट.

लगेच पुढचं मिशन विसावं. मी पॅड धरूनच बसलो होतो. स्टार्ट दाबलं, काही होईना. वायर काढून पुन्हा लावली. काही नाही. समोर व्हर्जिल उभा, पण आता तो माझा नव्हता. दादाला त्याच्याशी लढायचं होतं.

तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि मला फक्त राग आला होता. आता तुमचा धागा वाचताना कळलं की ते दुसरं पॅड बंद पडणं हाच त्या गोष्टीचा गाभा होता. दादा सध्या बंगळुरूला आहे. आज रात्री फोन करतो.

---

उत्तररात्र

पाठचा_भाऊ, मी आजवर हा गेम एकट्यानेच खेळलोय. दुसऱ्या पॅडची गोष्ट माहीत होती, पण एक सोय म्हणून. त्यानंतरच्या मिशनला ते पॅड मुकं होतं हे मनातही आलं नव्हतं. यापुढे तिसरी झुंज मला पूर्वीसारखी खेळता येणार नाही.

---

रात्रपाळी

माझं आधीचं म्हणणं मागे घेत नाही, पण त्याला जोडून सांगतो. पॅड बंद पडणं ही कोडच्या बाजूने अगदी साधी गोष्ट आहे. विसाव्या मिशनला दुसरा खेळाडू ठेवायचं कारणच नाही. तरीही शेजारी बसलेल्या मुलाला ते ज्या तऱ्हेने लागलं ते खोटं नाही. बनवणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थसुद्धा खेळात असू शकतो, एवढं मान्य.

आणि एक माहिती. या भागात दांतेचा आवाज आणि शरीराच्या हालचाली रूबेन लँग्डनच्या, व्हर्जिलच्या डॅनियल साउथवर्थच्या. म्हणजे आवाज देणारी माणसं आणि समोरासमोर उभी राहून लढलेली माणसं तीच. वार अडवताना दोघांमधलं अंतर इतकं खरं का वाटतं याचं मोठं कारण हे आहे.

---

सांजवेळ

सगळे तिसऱ्या भागावरच बोलत आहेत, पण ही जोडी २००१ च्या पहिल्या भागापासून लढते आहे. तेव्हा नाव सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

पहिल्या भागात मॅलेट बेटावरच्या किल्ल्यात नेलो अँजेलो नावाचा काळ्या चिलखतातला योद्धा भेटतो. तोही तीनदा. पहिल्या भेटीत तो दांतेचा गळा आवळून धरतो आणि आता संपवणार, तेवढ्यात त्याला दांतेच्या गळ्यातलं पदक दिसतं. तो वेदनेने कळवळतो आणि निघून जातो. का, हे आपल्याला कळत नाही. एकदा दांते आरशात बघतो, तर प्रतिबिंब आरशातून बाहेर येतं आणि त्याचा नेलो अँजेलो होतो. शेवटच्या भेटीत हरल्यावर मागे पडतं ते पदकाचं दुसरं अर्धं.

कथेच्या क्रमाने तिसरा भाग आधीचा. तिथे कड्यावरून पडलेला व्हर्जिल खाली राक्षसांच्या राजापुढे, मुंडसपुढे, उभा ठाकतो, हरतो आणि त्याचा हा गुलाम बनतो. म्हणजे मुठीत घट्ट धरलेलं ते पदक त्याने गुलामीतही सोडलं नाही. स्वतःचं नाव विसरला, चेहरा चिलखताआड गेला, पण आईचा तुकडा जवळ राहिला. जो माणूस बळ, बळ करत खाली गेला त्याला शेवटी थांबवतं ते एक गळ्यातलं पदक. भाऊ मारू शकत असतानाही.

उत्तररात्र, तुम्ही म्हणता आई गेल्यावर उरलेली एकच भाषा. मला वाटतं दोन आहेत, तलवार आणि पदक. पहिलीत ते एकमेकांना हरवतात, दुसरीने ओळखतात.

---

शेंगदाणा_लाडू

सांजवेळ +१०००

पाचव्या भागाचं काय करायचं? मला २०१९ मध्ये तो खेळताना आनंद झाला, पण तिसऱ्याच्या शेवटाची धार थोडी गेली असं वाटतं. कड्यावरून पडलेला माणूस परत येऊन बापही निघतो. नीरो त्याचा मुलगा. तिसऱ्या भागातलं ते कायमचं गमावणं मग कायमचं राहत नाही.

---

सांजवेळ

मला उलट वाटतं. पाचव्याने तिसऱ्यातल्या एका वाक्याचं देणं फेडलं.

पाचव्या भागात पहिल्यांदा नीट दिसतं की हल्ला झाला तेव्हा आईने दांतेला कपाटात लपवलं आणि ती व्हर्जिलला शोधायला बाहेर पडली. परत आली नाही. व्हर्जिल बाहेर एकटा होता. एक मुलगा कपाटात बसून आईची हाक ऐकतोय, दुसऱ्यापर्यंत ती हाक पोचलीच नाही. दोघांनी आयुष्यभर जे केलं ते या एका संध्याकाळीतून आलं. म्हणूनच व्हर्जिल शेवटच्या लढाईआधी दांतेला विचारतो की आपल्या जागा उलट असत्या तर? तुझं आयुष्य मला मिळालं असतं का? चौदा वर्षं आधी 'बळ नसेल तर' म्हणणाऱ्याने इतकं उघडं बोलावं याला मी धार जाणं म्हणणार नाही.

त्याआधी त्याने यामातोने स्वतःचेच दोन भाग केले होते, माणूस वेगळा आणि राक्षस वेगळा. जन्मभर भावाला कापायला निघालेली तलवार शेवटी स्वतःवर. माणूस उरला तो व्ही, काठी टेकत चालणारा, हातात विल्यम ब्लेकच्या कवितांचं पुस्तक. शरीर पापुद्र्यासारखं गळतंय आणि तरी चालतोय. माझं सगळ्यात आवडतं पात्र.

---

अनुस्वार

आणि शेवटच्या झुंजीत दोघं एकमेकांना संपवणार तोच नीरो मध्ये पडतो आणि दोघांना धरतो. तिसऱ्या भागात मध्ये पडलेला आर्कम दोघांच्या रक्तासाठी आला होता. हा त्यांना जिवंत ठेवायला येतो. तीच रचना, नेमकी उलटी.

मग दोघं मिळून राक्षसांच्या जगात उतरतात, पाचव्या भागात शहरात उगवलेलं राक्षसी झाड तिकडून कापायला. काव्यातला व्हर्जिल खाली आणि दांते वर, ही फारकत इथे मिटते. दांते पण खालीच राहतो. श्रेयनामावलीनंतर दिसतं की दोघं तिथेही लढत बसलेत. पण आता कुणी कड्याच्या टोकाशी नाही.

---

उत्तररात्र

व्हर्जिल जाताना ते कवितांचं पुस्तक नीरोकडे ठेवतो आणि सांगतो, पुढच्या वेळी मी हरणार नाही, तोवर सांभाळ. हे त्याने कुणाला स्वतःहून दिलेलं एकमेव काही. तिसऱ्या भागात 'हे माझं आहे' म्हणत मूठ आवळणारा तोच हा माणूस. शेंगदाणा, मी तुमच्या बाजूचा होतो, पण हे लिहितानाच सांजवेळ यांच्याकडे गेलो.

---

खिडकीतली

नमस्कार मंडळी. शेवट उघड होईल हे माहीत असूनही सगळं वाचलं आणि मग शनिवारी गेम सुरू केला. अॅक्शन गेम कधीच खेळले नव्हते. सोप्या पातळीवर आहे. आता विसाव्या मिशनला अडकले आहे. सुरू करून तीन दिवस झाले. तो हवेत निळ्या तलवारी उभ्या करून माझ्याभोवती फिरवतो तिथे मी संपते. काही युक्ती सांगाल का?

---

उत्तररात्र

वा! तीन दिवसांत विसावं म्हणजे फार छान.

स्टाइल ट्रिकस्टर ठेवा, म्हणजे झेपा घेऊन वार चुकवायची लढण्याची पद्धत. निळ्या तलवारी दिसल्या की मागे पळू नका, त्या मागून येतातच. बाजूला झेप घ्या, तीही शेवटच्या क्षणी. तो राक्षसरूपात गेला की त्याची तब्येत भरायला लागते, तेव्हा तुमचंही राक्षसरूप वापरून त्याला तिथून बाहेर काढा. यासाठी ते आधी वाचवून ठेवा. आणि घाई नको. तो वार करणार तेव्हाच तुमचा वार. पहिल्या झुंजीत पावसात जी वेळ धरली होती तीच इथेही चालते, वेग तेवढा जास्त आहे.

---

रात्रपाळी

आणि एक महत्त्वाचं. जिंकल्यावर श्रेयनामावली सुरू होईल तेव्हा पॅड खाली ठेवू नका. नावं सरकत असताना दांतेवर राक्षस चालून येतात आणि तुम्हाला लढता येतं. तेवढ्या वेळात शंभर मारले तर शेवटी आणखी एक दृश्य दिसतं. बहुतेक जण पॅड ठेवून पाणी प्यायला जातात आणि ते चुकतं. माझं दोनदा चुकलं होतं.

---

पाठचा_भाऊ

दादाशी बोललो. त्याला ती रात्र आठवते, आईच्या झोपेसकट. म्हणाला की विसाव्या मिशनला मी वायर काढून लावत होतो तेव्हा तो मुद्दाम दोनदा हरला होता, मला डाव मिळावा म्हणून. मला हे आजवर माहीत नव्हतं.

---

खिडकीतली

झालं! काल रात्री पावणेदोनला.

हातमोजा चिरला तेव्हा आधीच माहीत होतं, तरी हात आपोआप पुढे गेला, पॅडसकट. मग पाऊस थांबल्याचं ते वाक्य. मग नावं सुरू झाली आणि रात्रपाळी यांचं ऐकून बसून राहिले. मोजायला जमत नव्हतं म्हणून बहिणीला उठवलं, ती शेजारी बसून मोजत होती. एकशे चार भरले.

खाली, अंधारात, लाल तीन डोळ्यांसमोर व्हर्जिल एकटा उभा. जखमी. तलवार उपसतो आणि धावत सुटतो.

बहीण विचारत होती, हा कोण? मी म्हटलं, थांब, पहिल्यापासून सांगते. आता पहिला भाग डाउनलोडला लावलाय, ती पण खेळणार आहे.